गोयाचा वेलिंग्टन: पदकांनी चित्र खाल्लं का?

चित्रवेडा: लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, स्पॅनिश चित्रकार गोयाने काढलेलं इंग्रज सेनापती वेलिंग्टनचं तैलचित्र. स्पेनमधली सालामांकाची लढाई जिंकून हा ऑगस्ट १८१२ मध्ये माद्रिदला पोचला, तेव्हाचं. आकार जेमतेम ६४ बाय ५२ सेंटिमीटर. चेहरा अफलातून: डोळे शिणलेले, तोंड किंचित उघडं, वरचे दात दिसतात. पण १८१४ मध्ये गोयाने नवी पदकं त्यावर चढवली. गळ्यात गोल्डन फ्लीस या स्पॅनिश किताबाचं चिन्ह, खाली सोन्याचा क्रॉस. तिथेच माती झाली. नजर चेहऱ्यावर ठरतच नाही.

फटकारा: साफ असहमत. पदकं नको असती तर सेनापती चित्रकारापुढे बसले कशाला असते? उलट त्या झगमगाटामुळेच चेहऱ्यावरचा शीण जास्त बोचतो.

जालनेकर: छातीवर तीन तारे आहेत ना, त्यातला सगळ्यात वरचा ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या ब्रिटिश किताबाचा. तो किताब त्याला १८०४ मध्ये मिळाला, आपल्याकडच्या, मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेबद्दल: अहमदनगरचा किल्ला, असई, अडगाव, गाविलगड. असई आमच्या जिल्ह्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला खेळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात त्याचे मेलेले नि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग करून पडले आणि इंग्रजांची फळी पुढे गेल्यावर उठून पाठीमागून तोफा डागू लागले. तुम्हाला बिल्ले दिसतात, आम्हाला असई दिसते.

रिकामटेकडा: अवांतर: हेच चित्र गॅलरीने १९६१ मध्ये १,४०,००० पौंडांना घेतलं आणि महिना भरायच्या आत ते चोरीला गेलं. चार वर्षांनी परत आलं, पण फ्रेमशिवाय. खटल्यात शिक्षा झाली ती फक्त फ्रेमच्या चोरीची! चालू द्या.

चित्रवेडा: जालनेकर, तुमचा तारा राहू द्या, माझी तक्रार १८१४ च्या भरतीबद्दल आहे. शिवाय असई ठाऊक नसलेल्याला तो तारा म्हणजे नुसती चमकीच.

जालनेकर: ठाऊक नसणं हा चित्राचा दोष कसा? गॅलरीच्या पाटीवर लिहा की.

फटकारा: लिहायचंच तर पुढचंही लिहा. असईत त्याच्या बाजूने लढलेल्यांत मद्रासच्या पलटणींचे शिपाई होते. त्या लढाईचं पदक निघालं १८५१ मध्ये, आणि तेही तोवर जिवंत राहिलेल्यांनाच. साहेबाचा तारा मात्र वर्षभरात हजर.

जालनेकर: हे मान्य. आणि शिंद्यांच्या गोलंदाजांचं चित्र तर कुणी काढलंच नाही.