इराणच्या ‘काहेर-३१३’चा स्टेल्थचा दावा कशावरून तपासायचा?

नभोमापक
फेब्रुवारी २०१३ मध्ये तेहरानला राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांच्या उपस्थितीत काहेर-३१३ हे स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारे, लढाऊ विमान म्हणून दाखवले गेले. एप्रिल २०१७ मध्ये त्याच नावाचे, बरेच बदललेले विमान जमिनीवर धावताना दिसले. कडा कोनदार, शेपट्या तिरक्या; आकार तर स्टेल्थचाच वाटतो. मग जाणकार दावा का मानत नाहीत? फोटोत नेमके काय बघायचे?

पंखभार
आकार शेवटी बघा, आधी इंजिनातला हवेचा मार्ग तपासा. हवा कुठून आत जाते आणि गरम वायू कुठून बाहेर पडतो?

२०१३ च्या विमानाची हवा घेणारी तोंडे फार लहान होती आणि पंखांच्या वरच्या बाजूला होती. नाक वर उचलून कडक वळण घेतले की पंख आणि धड हवेची वाट अडवतात. इंजिनाला हवा कमी पडते, कॉम्प्रेसर (हवा दाबणारा भाग) स्टॉल होतो, म्हणजे त्यातला हवेचा प्रवाह तुटतो. मागच्या बाजूला तर नोझलच, म्हणजे गरम वायू बाहेर सोडणारे तोंडच, दिसत नव्हते. जेटचा झोत आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) न लावताही ६००-७०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तो सोसणारा धातूचा भाग तिथे हवाच.

कॉकपिटमध्ये छोट्या खासगी विमानांत बसवतात तशी बाजारात मिळणारी उपकरणे होती. आणि दमावंद पर्वतावरून उडतानाचा म्हणून जो फोटो फिरला, त्यात विमानाचा कोन आणि त्यावरचे प्रकाशाचे ठिपके हँगरमधल्या फोटोशी जुळत होते.

प्रतिध्वनी
स्टेल्थबद्दल थोडे गणित. विमान रडारला किती मोठे दिसते याचे माप म्हणजे आरसीएस. रडारचा पल्ला आरसीएसच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. आरसीएस ५ चौरस मीटरवरून ०.०५ वर आणला, म्हणजे शंभरपट घटवला, तरी पल्ला साधारण ३.२ पटच कमी होतो. जे रडार १६० किलोमीटरवरून बघत होते ते ५० वरून बघेल. एवढ्यासाठी शंभरपट घट! म्हणून कोनदार कडा ही फक्त सुरुवात.

समोरून रडारवर सर्वांत जास्त चमकतात ती इंजिनाची फिरती पाती. ती लपवायला हवेचा मार्ग एस-आकारात वळवतात किंवा आत अडथळा बसवतात. कॉकपिटची पोकळी झाकायला कॅनपीवर (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणावर) वीजवाहक पातळ थर लागतो. पॅनेलच्या फटी, स्क्रूची डोकी, चाकांच्या दारांच्या कडा या सगळ्यांची जुळणी मिलिमीटरच्याही अंशात सांभाळावी लागते. शस्त्रे पोटात ठेवावी लागतात. पंखाखाली एक बॉम्ब लटकवला की बाकीची मेहनत वाया.

जुनाधातू
इराणच्या तंत्रज्ञांना मात्र कमी लेखू नका. १९७९ च्या क्रांतीपूर्वी मिळालेल्या ७९ अमेरिकी एफ-१४ लढाऊ विमानांपैकी काही विमाने त्यांनी अमेरिकेच्या सुट्या भागांविना दशकानुदशके उडवली. जे८५ या अमेरिकी जेट इंजिनाच्या धर्तीवरचे ‘ओज’ इंजिनही बनवले. हे काम खरेच अवघड आहे. पण जुने विमान चालू ठेवणे वेगळे आणि नवे घडवणे वेगळे.

नभोमापक
२०१७ च्या विमानात दोन नोझल स्पष्ट दिसतात. मग निदान ती त्रुटी गेली ना?

पंखभार
गेली, आणि ते चांगलेच झाले. पण त्यातून २०१३ ची टीका बरोबर होती हेही सिद्ध झाले.

आता थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर, बघा. जे८५ आफ्टरबर्नरसह साधारण २२ किलोन्यूटन देते. दोन धरली तर ४४. अमेरिकेच्या एफ-२२ या स्टेल्थ लढाऊ विमानाचे एकेक एफ११९ इंजिन १५६ किलोन्यूटनच्या वर्गातले आहे. पोटात शस्त्रे, पुरेसे इंधन आणि मोठे रडार घेऊन लढायला ४४ पुरत नाहीत. हलके प्रशिक्षण विमान होईल.

वेळही मोजा. एफ-२२ चा नमुना वायएफ-२२ सप्टेंबर १९९० मध्ये उडाला आणि एफ-२२ डिसेंबर २००५ मध्ये सेवेत आले. पंधरा वर्षे लागली. यापुढे काहेरचा नवा व्हिडिओ आला तर चाके आत घेतलेले, सलग न कापलेले उड्डाण शोधा. त्यात उतरण्यापर्यंतचा भाग असला पाहिजे. जमिनीवरच्या धावेवरून पंख किती भार उचलतात हे कळत नाही.