चक्रीवादळात मोबाइल गेला तर हॅम रेडिओ खरंच कामाला येतो का?

दर्याकाठी
नमस्कार मंडळी. आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रेंज जी गेली ती गेलीच, लाईटचं तर नावच नको, आणि मुंबईतले चाकरमानी फोन लावून लावून रडकुंडीला आलेले, घरावर कौलं आहेत का उडाली तेच कळेना त्यांना. आता आम्ही गावातली चार पोरं म्हणतोय की ऑनलाइन मिळतात ते वॉकीटॉकी आणून ठेवू, एक इथे एक दापोलीत. भाऊ म्हणतो हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, लायसन लागतं. खरंय का? आणि त्यावरून मुंबईला बोलता येईल?

अँटेनाकाका
भाऊ बरोबर बोलतोय. हॅमच्या बँडवर, म्हणजे हॅमना नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर, बिनलायसनचं बोलणं गुन्हा आहे, दुकानदार विकतो म्हणून आपण वापरायचं असं नसतं. आणि मुंबई विसरा. हातातला ५ वॅटचा सेट व्हीएचएफवर, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर, चालतो, ती लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, मधे डोंगर आला की संपलं, आणि कोकणात डोंगर सोडून दुसरं आहे काय! उंचावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा पुढे पाठवणारा सेट, असेल तर गोष्ट वेगळी, पण वादळात त्याचीही बॅटरी कधीतरी बसणारच.
तुम्हाला हवा एचएफ सेट, म्हणजे शॉर्टवेव्हचा. लहरीच्या लांबीवरून नाव पडलेल्या ४० मीटर बँडसाठी अँटेना म्हणून साधारण २० मीटर वायर, मधोमध केबल जोडायची आणि जमिनीपासून दहा-बारा फुटांवर आडवी टांगायची. मुद्दाम खालीच ठेवायची हं, म्हणजे लहर सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, परत खाली येते, तीनशे-चारशे किलोमीटरच्या आत, डोंगर असो नसो. दिवसा मुंबई, पुणे, कोल्हापूर बोलायला हरकत नाही. रात्री ४० मीटर लांब पळतो, जवळचं लागत नाही, तेव्हा ८० मीटरवर यायचं, त्याला वायर दुप्पट. पोफळी आडव्या झाल्या तर दोन बांबू रोवा, काम भागतं. खाली गाडीची १२ व्होल्टची बॅटरी.
लायसन: वय १२ पूर्ण पाहिजे, परीक्षा द्यायची, खालच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स. अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर. कागद हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा आत्ताच लागा.

शंकेखोर
हे सगळं ठीक, पण आता सॅटेलाइट फोन असतात की प्रशासनाकडे. हौशी लोकांचं काय काम तिथे?

अँटेनाकाका
सॅटेलाइट फोन कलेक्टर हापिसात असतो हो, तुमच्या वाडीत नसतो. शिवाय फोन एकाचा एकाशी. रेडिओवर एक जण बोलला की सगळे ऐकतात, कंट्रोल स्टेशन, म्हणजे बोलणं सांभाळणारा एक जण, ज्याला बोलावेल त्यानेच बोलायचं, बाकीचे गप्प.
२००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांची टीम हौसेनेच पोर्ट ब्लेअरला गेलेली, जगभरच्या हॅमना अंदमानशी कॉन्टॅक्ट मिळावा म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तोच सेट मुख्य भूमीशी बोलायला उपयोगी पडला. त्यांनी काही वेगळं मागवलं नव्हतं, जे रोज वापरत होते तेच होतं.

डॅलसकर
आमच्याकडे टेक्सासात वादळ यायच्या आधीच हॅम कामाला लागतात. स्कायवॉर्न म्हणून हवामान खात्याचा कार्यक्रम आहे, क्लास फुकट, स्पॉटर (वादळ बघून कळवणारा) व्हायला हॅम लायसनही लागत नाही, पण रिपोर्ट पटकन पोचवायला हॅमचं नेट, म्हणजे सगळ्यांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणं, बरं पडतं. रडार असताना माणूस कशाला असं मलाही आधी वाटायचं. तर रडारचा किरण जरा तिरपा वर जातो आणि त्यात पृथ्वी गोल, शंभर किलोमीटरवर तो जमिनीच्या दीडेक किलोमीटर वरून जातो, खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून माणूस. रिपोर्टही मोजका: कुठून बघतोय, किती वाजता, कोणत्या दिशेला, गारा केवढ्या. "खूप मोठं वादळ आहे" असं म्हणालात तर कंट्रोलवाला पुढच्याला बोलावतो 😄 आणि ढगाचं लोंबतं टोक दिसलं की टोर्नेडो म्हणून ओरडायचं नाही, आधी ते गोल फिरतंय का बघायचं.

दर्याकाठी
बापरे, बरंच आहे की. काका, चाकरमान्यांचे निरोप द्यायला चालतात का मग? की फक्त सरकारी?

अँटेनाकाका
एरवी तिऱ्हाइताचे निरोप नाहीत. आपत्तीत नेहमीची यंत्रणा बंद पडली तर चालतात. पण लिहून घ्यायचे, कोणाकडून, कोणाला, किती वाजता, आणि वाचून दाखवायचे. "सगळे बरे आहेत" एवढं पुरत नाही, कुठल्या वाडीतले कोण ते नावानिशी पाहिजे, नाहीतर मुंबईत चार घरात चार अर्थ निघतात.

दर्याकाठी
मग रिस्ट्रिक्टेडला बसतो दोघं जण. मोर्स आत्ता नको. कोणी जुना एचएफ सेट विकतंय का?

अँटेनाकाका
आधी कॉलसाइन (लायसनसोबत मिळणारं रेडिओवरचं नाव), मग सेट. रिस्ट्रिक्टेडवरही एचएफच्या काही बँडवर बोलता येतं, काळजी नको. तोवर इंटरनेटवर वेबएसडीआर, म्हणजे ब्राउझरमधून ऐकायचा रेडिओ, उघडा आणि सकाळच्या वेळी ४० मीटर ऐका, कोण कसं बोलतं ते कानावर पडेल.