मदत हवी आहे: गोल्डटॉप लेस पॉल 1952ची की 1953ची?

एका ओळखीच्यांची गिब्सन लेस पॉल इलेक्ट्रिक गिटार तपासतोय. सोनेरी टॉप, दोन पी-90 पिकअप (तारांचा आवाज टिपणारे), ट्रॅपीझ टेलपीस (तारा खालच्या टोकाला धरणारा, बार असलेला भाग). तारा बारच्या खालून जातात, म्हणजे नेकचा कोनही त्या सुरुवातीच्या काळातलाच, अगदी कमी. (पाम म्यूट, म्हणजे तळहाताने तारा दाबून आवाज दबवणं, जवळजवळ अशक्य; जिला ज्यांचं नाव दिलंय ते गिटारवादक लेस पॉल स्वतः का वैतागले होते ते कळतं!)

1953मध्ये ट्रॅपीझ जाऊन रॅपअराउंड ब्रिज (ज्यावरून तारा गुंडाळून जातात तो) आला, त्यामुळे त्यानंतरची नक्कीच नाही. नेकला बाइंडिंग (कडेची पट्टी) आहे, म्हणून 1952च्या अगदी पहिल्या, बिनबाइंडिंगच्या गिटारींतलीही नाही. अडलंय ते मधल्या काळात.

हेडस्टॉकच्या मागे सीरियल नंबर नाही. 1952च्या गिटारींवर तो नसायचाच. पण इथे मागची बाजू पुन्हा पॉलिश केलेली दिसते, म्हणजे 1953चा शाईचा नंबर पुसला गेला असण्याचीही शक्यता आहे. पॉट्सवरचे (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे भाग) तारखेचे कोड पाहिले, पण चारही पॉट्स नंतर बदललेले निघाले. टॉपचा रंग मूळचा वाटतो. मालकांना सोल्डरिंग उघडायचं नाही. स्क्रू काढून आत डोकावायला हरकत नाही. फोटो देता येतील.

या अटीत राहून, 1952चा उत्तरार्ध आणि 1953ची सुरुवात यांत फरक सांगणारी एखादी खात्रीची खूण कोणती?