जीवशास्त्रातल्या 'निश'ला (niche) मराठीत काय म्हणाल? कोनाडा, अधिवास की आणखी काही?

तळ्याकाठी:
नमस्कार. आमच्या गावच्या तळ्यावर शाळेतल्या मुलांसाठी पक्ष्यांचा फलक लागणार आहे. मजकूर इंग्रजीतून आलाय, मराठी मी करते आहे आणि एका वाक्यापाशी चार दिवस अडकले आहे. तळ्यावर तीन जातींचे धीवर दिसतात. लहान धीवर पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसतो आणि तिथून सूर मारतो. कवड्या धीवर हवेतच एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि खाली झेपावतो. त्याला फांदी लागत नाही, त्यामुळे तळ्याच्या मध्यावरचे मासेही त्याला मिळतात. पांढऱ्या छातीचा खंड्या तारेवर बसून नाकतोडे, सरडे, बेडूक, खेकडे काहीही धरतो, पाण्यापासून लांब शेतातही दिसतो. मूळ वाक्य असं, की तिघांची निश, म्हणजे निसर्गातली जगण्याची आपापली जागा आणि रीत, वेगळी म्हणून तिघे एकत्र नांदतात. मी 'कोनाडा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'अधिवास' केलं. पण अधिवास तर तिघांचा एकच आहे! तळं तेच, आणि बीळ करायला मातीची उभी दरड तीच. काय लिहू?

जुनावाडा:
कोनाडा अजिबात सोडू नका. इंग्रजी शब्दही मुळात भिंतीत मूर्ती ठेवायला केलेल्या खोबणीचाच आहे, म्हणजे रूपक जसंच्या तसं येतं. फक्त बारकाईने पाहिलं तर 'देवळी' जास्त बरोबर. आमच्या वाड्यात कोनाड्यात काहीही पडलेलं असायचं, अडकित्ता, तेलाची बाटली, आजोबांचा चष्मा. देवळीत मात्र एकच वस्तू, दिवा. जिची तिची ठरलेली जागा म्हणजे देवळी.

मोघम:
देवळी नव्हे, दिवळी. शब्द दिव्यावरून आलाय, देवावरून नाही. आमच्या आजीच्या तोंडी कायम दिवळीच होतं.

जुनावाडा:
देऊळ, त्याचं लहान रूप देवळी. आमच्याकडे तिला वर कमान आणि बाजूला दोन खांब कोरलेले होते, अगदी छोटं देऊळच. दिवा नंतर आला.

पानकावळा:
मूळ प्रश्नाकडे येतो. हा शब्द वापरणाऱ्या शास्त्रज्ञांचंच अर्थावर एकमत नव्हतं, म्हणून आपलीही ओढाताण होते आहे. ग्रिनेलने १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर पक्ष्यावर लिहिलं. लांब वाकड्या चोचीचा हा पक्षी दाट झुडपांखालची माती उकरत हिंडतो. ग्रिनेलचा भर होता झुडूप, सावली, हवामान यांवर, म्हणजे बराचसा जागेवरच. पुढे १९२७ मध्ये एल्टनने अर्थ फिरवला: प्राणी कोणाला खातो, त्याला कोण खातं, जीवसमूहात त्याचं काम काय. आणि १९५७ मध्ये हचिन्सनने तापमान, ओलावा, भक्ष्याचा आकार अशी एकेक गरज म्हणजे एकेक मोजपट्टी धरली आणि त्या सगळ्या पट्ट्यांवर ती जात जेवढ्या मर्यादेत तगते, तेवढा पसारा म्हणजे निश असं मांडलं. कोनाडा ग्रिनेलला चालला असता. एल्टनला नाही. तुमचे धीवर एल्टनच्या बाजूचे आहेत.

शुद्धमती:
हिंदीतल्या काही पुस्तकांत 'निकेत' वाचला आहे. ध्वनीलाही जवळ, संस्कृतही. तोच घ्यावा.

पानकावळा:
निकेत म्हणजे घर. गीतेत 'अनिकेतः स्थिरमतिः' आहे, ज्याला घर नाही तो. पुन्हा पत्त्यावरच आलो की आपण! पत्ता आणि धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक मुलांना कळावा म्हणून तर तो फलक आहे.

शुद्धमती:
मग 'नीड' पाहा. 'निश' इंग्रजीत फ्रेंचमधून आला, त्या फ्रेंच शब्दाची एक व्युत्पत्ती 'घरटं करणे' या क्रियापदाकडे आणि तिथून लॅटिन 'नीदुस'कडे जाते. ते आणि आपलं 'नीड' सख्खी भावंडं. दोन्हींच्या मुळाशी 'नि' आणि 'सद्', म्हणजे खाली बसणे. आपला शब्द आपल्याच घरात असताना दुसऱ्याच्या दारात का जायचं?

बडोदेकर:
दुसरी व्युत्पत्तीही आहे. इटालियनमधून आलेला शब्द आणि त्यामागे शिंपला. कमानीच्या खोबणीचा वरचा भाग शिंपल्यासारखा कोरतात, ते पाहिलं की मला तीच पटते. आम्ही बडोद्यात वाढलो, घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती. भिंतीतल्या त्या जागेला आमची आई सर्रास 'गोखला' म्हणायची, गुजरातीतला 'गोखलो'. माझ्या मते तो 'गवाक्ष'च.

मोघम:
मी सरळ 'निश' लिहीन. बस, टेबल, मोबाइल चालतात तर हा का नको?

तळ्याकाठी:
आधी तेच केलं होतं. काही जण उच्चार 'निच' करतात, आणि पाचवीतल्या मुलीने माझ्यासमोर 'तिघांची नीच वेगळी' असं वाचलं. तेव्हाच तो शब्द काढला.

कोरडवाहू:
मी शेतकरी माणूस, माझ्या डोळ्यांसमोर सातबारा येतो. नमुना सात सांगतो जमीन कोणाची. नमुना बारा सांगतो तिच्यात पिकतं काय. अधिवास म्हणजे सात आणि तुम्ही शोधताय तो बारा. तसंही अधिवास म्हटलं की आमच्या पोरांना तहसीलचा दाखलाच आठवतो. आणि एका रानात दोघं कसे नांदतात हे बघायला तळ्यावर कशाला जायचं? ज्वारीत तुरीची इरवड घाला, म्हणजे मधेमधे तुरीच्या ओळी पेरा. तूर सुरुवातीला दबून राहते, तिचं सोटमूळ खाली जातं, ज्वारी वरच्या थरातलं ओढते. ज्वारी काढली की मग तूर फोफावते. एकच रान, पण वेळही वेगळी आणि खोलीही वेगळी. माझ्या आज्याला यातलं सगळं ठाऊक होतं.

जुनावाडा:
काम, वाटा आणि गावातली जागा असं सगळंच एकात हवं असेल तर 'बलुतं' का नको? प्रत्येकाचं काम ठरलेलं, त्यावर त्याचं पोट.

पानकावळा:
कृपया नको. बलुतं माणसांनी माणसांवर जन्माने लादलं आणि सोडायची सोय ठेवली नाही. खंड्याला कोणी नेमून दिलेलं नाही. फलकावर तो शब्द गेला तर मुलं उलट वाचतील, की निसर्गातही असंच असतं. हे मी फार गांभीर्याने सांगतो आहे.

जुनावाडा:
मान्य. शब्द मागे घेतो.

तळ्याकाठी:
आणखी एक अडचण. पुढच्या ओळीत 'अडॅप्ट'साठी 'जुळवून घेतात' आलंय. ते चालेल?

पानकावळा:
मला ते खटकतं. सासरी गेलेली मुलगी जुळवून घेते, नव्या गावातला नोकरदार जुळवून घेतो. ते एका जिवाचं, एका आयुष्यातलं. इथे तसं घडत नाही. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांमध्ये डॅफ्ने मेजर नावाचं छोटं बेट आहे, तिथल्या फिंच पक्ष्यांवर ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून काम केलं. १९७७ मध्ये पाऊस जवळजवळ झालाच नाही. बारीक मऊ बिया संपल्या, उरली ती आपल्या सराट्याच्या कुळातली काटेरी टणक फळं. ती फोडायला जाड चोच लागते. बहुतेक पक्षी मेले आणि वाचलेल्यांत मोठ्या चोचीचे जास्त होते. त्यांच्या पिल्लांच्या चोची सरासरीने जाड निघाल्या. एकाही पक्ष्याने स्वतःची चोच बदलली नाही. कोणी जुळवून घेतलं नाही, जे जुळत होते ते उरले.

शुद्धमती:
म्हणूनच 'अनुकूलन' हा शब्द आहे. तो पाठ्यपुस्तकात आहे, मग अडचण कसली?

कोरडवाहू:
पाठ्यपुस्तकात आहे, तोंडात नाही. आम्ही बियाण्याबद्दल म्हणतो, 'या मातीत रुळलं'. चार-पाच हंगाम घरचंच बी धरलं की ते रुळतं.

पानकावळा:
'रुळलं' सुंदर आहे! पिढ्या त्यात आपोआप येतात.

मोघम:
माणूसही रुळतो की नोकरीत. तोच घोटाळा परत.

तळ्याकाठी:
फलक सोमवारी छापायला जातोय. मी नामच काढून असं लिहिलंय: 'तळं एकच, पण तिघांची पोट भरायची रीत वेगळी, म्हणून तिघेही इथे राहू शकतात.' चालेल का?

शुद्धमती:
वाक्य छान आहे, पण मग संज्ञा मुलांपर्यंत कधी पोचणार? हीच मुलं दहावीनंतर इंग्रजी शब्द पाठ करतील आणि मराठीत शास्त्र नाही म्हणतील. कंसात नीड घालाच.

पानकावळा:
नीड म्हणजे घरटं, आणि तिघांचीही घरटी त्या एकाच दरडीत. घालू नका.

मोघम:
@कोरडवाहू, इरवड तुरीची की ज्वारीची म्हणायची? आमच्याकडे तुरीचं पाटं म्हणतात, आणि इरवड म्हणजे मुख्य पिकात अधेमधे घातलेलं कुठलंही बी, अंबाडीसुद्धा.

कोरडवाहू:
आमच्याकडे ओळीने घातलं तरच इरवड. अंबाडी धुऱ्यावर असते, तिला कोणी इरवड म्हणत नाही. तुमचं गाव कोणत्या भागातलं?