मदत हवी आहे: बाबांचं लिव्हर सिरॉसिस, आणि डोनर मी

नमस्कार मंडळी, सिंहगड रोडवरून लिहितेय, पोस्ट लांबणार आहे, आधीच सॉरी.

बाबा 62 वर्षांचे, शुगर वीसेक वर्षांची. दारूला आयुष्यात हात लावला नाही, पण सिरॉसिस म्हटलं की जो तो आधी तेच विचारतो, अगदी सख्ख्या आत्यानेपण विचारलं. डॉक्टर म्हणतात शुगर आणि फॅटी लिव्हरमुळे झालंय. गणपतीत पोटात एवढं पाणी झालं की पायजम्याची नाडी पुरेना, 7 लिटर काढलं, बरोबर अल्ब्युमिनच्या (रक्तातलं प्रोटीन) बाटल्या लावल्या (त्यांचा खर्च वेगळाच). एंडोस्कोपीत अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा दिसल्या, बँडिंग झालं (रबराच्या रिंगांनी शिरा बांधल्या).

मागच्या आठवड्यात वेगळंच सुरू झालं. बाबा बँकेत कॅशियर होते, सही एकदम छापल्यासारखी. भाऊ चेकवर सही घ्यायला गेला तर नुसत्या रेघोट्या, मला वाटलं चष्मा लावला नसेल. रात्री तीनला शर्ट-पँट घालून दाराशी उभे, म्हणे स्वारगेटची गाडी चुकेल. कॅज्युअल्टीत हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले तर धरवेनातच, सारखे खाली पडायचे. अमोनिया वगैरे मेंदूपर्यंत जातं म्हणे. आणि कारण काय तर घरी पाहुणे, संडास एकच, म्हणून आईने लॅक्टुलोज चार दिवस दिलंच नाही. बद्धकोष्ठतेचं औषध आहे, पोट तर साफ होतंय ना मग कशाला, असं तिला वाटलं, आणि खरं सांगू, मलापण तसंच वाटायचं. तो अमोनिया शौचावाटे काढायलाच ते देतात, हे आत्ता कळलं. तिला बोलणार तरी काय.

आता विचारायचंय ते. आई साधं मीठ बंद करून सैंधव वापरते, ते चालतं का? शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून डाळ, दही सगळं बंद केलंय, बाबांच्या दंडाची नुसती कातडी लोंबतेय. मेल्ड (लिव्हर किती बिघडलंय त्याचा स्कोअर) 21 आलाय, ट्रान्सप्लांटचं बघा म्हणालेत. भावाला स्वतःलाच फॅटी लिव्हर निघालं. माझा ग्रुप ओ, बाबांचा बी, म्हणजे जुळतो. पण मला चार वर्षांची मुलगी आहे, सासरी सगळे गप्प, आणि बाबा म्हणतात लेकीचं काही कापून घेऊन मला जगायचं नाही. कोणी लिव्हर दिलंय का इथे?

प्रतिसाद 1
सैंधव म्हणजेपण मीठच हो ताई, सोडियम तेवढंच. दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, 5 ग्रॅमच्या आत, पापड-लोणचं धरून. आणि ते लो सोडियम मीठ तर अजिबात आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, पाणी कमी करायला स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम आधीच वाढतं. लॅक्टुलोजचं गणित सोपंय, दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शी झाली पाहिजे. पाण्यासारखे जुलाब होत असतील तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करा, सुकल्यानेपण डोकं बिघडतं.

प्रतिसाद 2
डाळ आजच्या आज चालू करा!! प्रोटीन बंद ठेवायचा सल्ला जुना झाला, आता वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम सांगतात. आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायूच खातं. सांधे दुखले म्हणून काउंटरवरून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक आणू नका, किडनी जाते. गुळवेलीचा काढा कोणी सुचवला तर तोपण नको.

प्रतिसाद 3
मी दिलंय, भावाला. आठवडाभर हॉस्पिटल, मग तीन महिने जड उचलायला बंदी. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, कडेवर घे म्हणून रडायचा, ऑपरेशनपेक्षा तेच जड गेलं. लिव्हर परत वाढतं हे खरं, पण धोका शून्य नसतो, टीमला तोंडावर विचारा. तुमच्या तपासण्या चालू असताना हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणारी संस्था) वेटिंग लिस्टवर बाबांचं नाव टाकून ठेवा, दोन्ही चालतं. आणि नको म्हणायचा हक्क तुम्हाला शेवटच्या मिनिटापर्यंत असतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. सैंधवाचा डबा माळ्यावर गेला. आई आता कॅलेंडरवर काड्या मारते, आज दोन झाल्या. प्रतिसाद 3 सासूबाईंना वाचायला दिलाय, फोन अजून त्यांच्याकडेच आहे.