लिहिण्यातून उभा राहिलेला व्यवसाय : तुमचे अनुभव सांगा

वर्तकनगरची गॅलरी

परवा माळा आवरताना एका जुन्या फाइलमध्ये पांढरे पाकीट सापडले, कडा फाडून उघडायचे, आत सहा आकडी क्रमांक छापलेला. ज्यांना ते आले असेल त्यांना वेगळे सांगायला नको. ब्लॉगवरच्या जाहिरातींचे दहा डॉलर जमले की गूगल पत्ता पडताळण्यासाठी हे पाकीट साध्या टपालाने पाठवते आणि चार महिन्यांत तो क्रमांक भरला नाही तर जाहिराती थांबतात. आमच्या जुन्या इमारतीत टपालपेट्या नव्हत्या. पहिले पाकीट कुठे गेले ते कधीच कळले नाही. दुसरे मागवले तेव्हा रोज दुपारी पोस्टमनदादांच्या वेळेला मी जिन्यात उभी राहत असे.

२०१३ मध्ये मी गॅलरीतल्या बागेविषयी मराठीत लिहायला सुरुवात केली. गूगलच्या जाहिराती तेव्हा मराठी पानांना मिळत नव्हत्या. भारतीय भाषांपैकी हिंदीला ती सोय २०१४ च्या डिसेंबरात मिळाली. मला मिळकत हवी होती, म्हणून तेच विषय इंग्रजीतून लिहिणारा दुसरा ब्लॉग काढला. दहा डॉलर जमायला अकरा महिने लागले आणि प्रत्यक्ष पैसे खात्यात येण्यासाठी शंभर डॉलरची मर्यादा ओलांडावी लागते, त्याला आणखी दोन वर्षे गेली. त्याच काळात घोडबंदर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेच्या मालकांनी माझा मराठी लेख वाचला. ठाण्याच्या पावसाळ्यात कुंडीतले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी का करावे, पाणी साचून मुळे कशी कुजतात आणि खालच्या मजल्यावर ओल उतरली की सोसायटीत काय होते, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यांनी विचारले, "रोपांसोबत द्यायची माहितीपत्रके लिहून द्याल का?" बारा पत्रकांचे तीन हजार रुपये मिळाले. जाहिरातींनी तोवर दिलेल्या सगळ्या रकमेपेक्षा ते जास्त होते, आणि जिथून काहीच मिळकत नाही असे मी धरून चालले होते त्या मराठी ब्लॉगने ते मिळवून दिले होते. आज माझ्या कामाचा मोठा भाग असाच, वाचकांतून आलेल्या ग्राहकांचा आहे.

आपल्यापैकी बरेच जण लिहिण्यावर घर चालवतात. पहिले काम कसे मिळाले, दर कसा ठरवला, कुठे फसगत झाली, हे सविस्तर लिहावे ही विनंती. नव्याने येणाऱ्यांना त्याचा खरोखर उपयोग होईल.

खारघर सेक्टर बारा

शब्दामागे पंधरा पैसे. पाचशे शब्दांचे पंचाहत्तर रुपये. मी दीड वर्ष त्या दराने लिहिले आहे आणि त्या काळात एकाही लेखावर माझे नाव नव्हते. हार्बरच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर सीएसएमटीपर्यंत एक लेख मोबाइलवर पूर्ण होत असे. शब्दांवर पैसे मिळाले की वाक्य लांबवण्याची सवय लागते आणि ती सवय सुटायला फार वेळ लागला, हे त्यातले मोठे नुकसान आहे. पुढे मी शब्दांचा दर सांगणे बंद केले आणि संपूर्ण कामाची एकच रक्कम सांगू लागलो. चारशे शब्दांत विषय नीट मांडला म्हणून कोणी पैसे कापत नाही, हे पहिल्यांदा अनुभवले तेव्हा मन फार हलके झाले.

ऐरोलीचा फिटर

मी रबाळ्याच्या एका रासायनिक कारखान्यात देखभाल विभागात एकवीस वर्षे होतो. कारखाना बंद झाला तेव्हा वय सत्तेचाळीस होते. मुलीने ब्लॉग काढून दिला आणि म्हणाली, "बाबा, शिफ्टमधल्या मुलांना जे तोंडी सांगायचात तेच लिहा." त्यामुळे माझ्या लेखांत आकर्षक शीर्षके नाहीत, फक्त प्रश्न आहेत. पंपातून खडी भरल्यासारखा आवाज का येतो, हा माझा सर्वाधिक वाचला गेलेला लेख. शोषणाच्या बाजूचा दाब द्रवाच्या बाष्पदाबाच्या, म्हणजे ज्या दाबाखाली द्रवाची वाफ होऊ लागते त्याच्या, खाली गेला की द्रवात बुडबुडे तयार होतात आणि ते पुढे पंपाच्या फिरत्या चाकावर, म्हणजे इम्पेलरवर, फुटतात. आवाज त्यांचाच असतो, आणि दुर्लक्ष केले तर इम्पेलरला खड्डे पडतात. मग टाकीतली पातळी पाहा, शोषणाचा गाळणीजाळ तुंबला आहे का पाहा, द्रव नेहमीपेक्षा गरम आहे का पाहा. रात्रपाळीत एकटा असलेला ऑपरेटर मोबाइलवर मराठीत हेच शोधत असतो. त्याच्यासाठी लिहिणारे कोणी नव्हते.

चौतीस लेख झाल्यावर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका वॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यातून दूरध्वनी आला. त्यांच्या इंग्रजी पुस्तिका कामगार वाचत नव्हते, म्हणून त्यांना मराठीत नव्याने लिहून हव्या होत्या. भाषांतर नको, नव्याने लिहा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ब्लॉगवर मी आजपर्यंत एकही जाहिरात लावलेली नाही. ज्यांना माझे काम हवे असते ते लेखाखालचा पत्ता पाहून लिहितात.

नौपाड्याची लेक

फिटरदादा, तुमचा पंपाचा लेख माझ्या भावाने वाचलेला आहे. तो त्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामाला आहे. आवाज सुरू झाल्यावर त्याने पहिल्यांदा गाळणीजाळ उघडून पाहिला होता.

माझा अनुभव थकबाकीचा आहे. एका जाहिरात संस्थेसाठी मी सात महिने लिहीत होते. ओळखीतून आलेले काम, त्यामुळे लेखी काहीच नव्हते. बेचाळीस हजार रुपये थकले. आधी "हिशेब विभाग सुट्टीवर आहे", नंतर "आमच्याच ग्राहकाने दिले नाहीत", आणि शेवटी दूरध्वनी उचलणेच बंद. त्या दिवसांत मुलाच्या शाळेची फी माझ्या आईने भरली, ते मी विसरू शकत नाही.

सानपाडा, हिशेबनीस

ताई, वाचून फार वाईट वाटले. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे आणि लेखन ही सेवा असल्यामुळे आपल्याला उद्यम नोंदणी करता येते. १ जुलै २०२० पासून ती संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत ग्राहकाने पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली की ती अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. मात्र नोंदणी काम देण्यापूर्वीची असलेली बरी. आधीच्या थकबाकीला नंतरच्या नोंदणीचा आधार सहसा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट बिल पाठवताना ग्राहकाच्या लक्षात आणून द्यावी. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ग्राहकाला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी करता येतो. मार्च महिन्यात याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

नौपाड्याची लेक

ते बेचाळीस हजार बुडाले, कारण माझी नोंदणी नंतरची होती. परंतु त्यानंतर प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय दिनांक लिहिते, आणि पहिल्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ घेते. तीन वर्षांत एकही बिल साठ दिवसांपुढे गेलेले नाही. दादा, तुम्ही हे सगळे इतक्या नीट लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

खारघर सेक्टर बारा

हिशेबनीसदादा, परदेशी ग्राहकांचे काय? माझे दोन ग्राहक बाहेरचे आहेत. एका स्थानिक ग्राहकाला पूर्वी पेपॅल सोयीचे वाटत असे, पण १ एप्रिल २०२१ पासून त्यांनी भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सोय बंद केली, तेव्हापासून त्याच्याकडून थेट बँकेत घेतो.

सानपाडा, हिशेबनीस

बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेचे बँकेकडून मिळणारे प्रमाणपत्र जपून ठेवा, ते सेवेची निर्यात झाल्याचा पुरावा असते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक वीस लाखांची आहे. ती ओलांडल्यावर परदेशी कामावर हमीपत्र भरून कर न लावता बिल करता येते. आणि भारतीय ग्राहकाने टीडीएस, म्हणजे बिलातूनच प्राप्तिकर, कापला असेल तर तो प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक विवरणात दिसतो की नाही ते वर्षातून किमान दोनदा पाहावे. कापलेला पण भरलेलाच नाही, असे प्रकार मी पाहिले आहेत.

नेरूळची अन्नपूर्णा

माझा अनुभव मालकीचा आहे. आगरी आणि सीकेपी स्वयंपाकावर मी नऊ वर्षे लिहिते आहे. सुक्या जवळ्याचे प्रकार, खाडीतली निवटी, वालाचे बिरडे. वाल भिजवायला किती वेळ, मोड आणायला किती, सोलताना पाणी कोमट का हवे, हे सगळे मी घरी दहा-दहा वेळा करून लिहिले. एके दिवशी एका ॲपवर माझे संपूर्ण वर्णन, माझ्या सासूबाईंच्या परातीचे छायाचित्र आणि त्यावर दुसऱ्याचेच नाव पाहिले. परात पाहून मला रडू आले. गूगलच्या शोधातून ती पाने काढण्यासाठी त्यांचाच एक अर्ज असतो. तो भरला, मूळ लेखांच्या तारखा दिल्या, आणि पाने शोधातून गेली.

त्यानंतर १९५७ चा कॉपीराइट कायदा मी स्वतः वाचला. नोकरीचा भाग म्हणून लिहिले नसेल तर लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मला ज्यांनी काम दिले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. आता मी दोन रकमा सांगते. लेख पाच वर्षे वापरायचा असेल तर एक, कायमचे सर्व हक्क आणि माझे नाव न देणे असेल तर दुसरी. दुसरी पहिलीच्या अडीचपट असते. त्यावर घासाघीस होते, पण बहुतेक जण पहिली रक्कम मान्य करतात आणि माझे नावही देतात.

कोपरी पूर्व

माझ्यावर आलेली वेळ थोडी वेगळी आहे, आणि ती अजून पूर्ण सरलेली नाही. मोबाइल आणि इंटरनेटच्या जोडण्यांविषयी माझा ब्लॉग होता, मिळकत सगळी जाहिरातींची. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने शोधात मोठा बदल केला आणि माझे वाचक तीन आठवड्यांत एक तृतीयांशावर आले. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आले होते, त्यामुळे लेखनाची छोटी कामेही त्याआधीपासूनच आटत होती. दोन्ही एकदम अंगावर आले. मी लिहीत होतो ते कोणीही लिहू शकत होते, हे मान्य करायला मला सहा महिने लागले.

आता मी ठाण्यातल्या सोसायट्यांपुरते लिहितो. इमारतीत फायबर आणताना डक्ट कुठून न्यावी, समितीने परवानगीच्या पत्रात काय मागावे, एकाच कंपनीला बांधून घेऊ नये म्हणून कोणती अट घालावी. वाचक पूर्वीच्या दशांशही नाहीत. पण जे येतात ते समितीचे सचिव असतात आणि त्यांना सल्ला हवा असतो, त्याचे पैसे ते देतात. शिवाय प्रत्येक वाचकाचा ईमेल पत्ता त्याच्या संमतीने घेऊन ठेवतो. शोध उद्या पुन्हा बदलला तरी त्या चारशे दहा लोकांपर्यंत मी पोहोचू शकतो.

वर्तकनगरची गॅलरी

कोपरीकर, हे लिहायला धीर लागतो. माझ्याही इंग्रजी ब्लॉगचे वाचक त्याच महिन्यात घटले. मराठी ब्लॉगवर मात्र फरक पडला नाही, कारण तिथे येणारे बरेचसे जण एकमेकांना दुवे पाठवून येतात.

कळवा, नवीन

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. वाणिज्य शाखेची पदवी झाली आहे, वडील वागळे इस्टेटमध्ये छापखान्यात आहेत. लहानपणापासून मुद्रिते तपासली आहेत, त्यामुळे शुद्धलेखन चांगले आहे. मराठीतच लिहावे की इंग्रजीत, हे ठरत नाही. आणि परवा एका लहान कारखान्याने बारा पानांची पुस्तिका लिहाल का असे विचारले आहे. किती रक्कम सांगावी?

नेरूळची अन्नपूर्णा

मराठी पानांना आता गूगलच्या जाहिराती मिळतात, तो अडसर राहिलेला नाही. पण तुझ्याजवळ मुद्रिते तपासण्याची नजर आहे, ती मराठीत आज फार थोड्यांकडे आहे. छापखान्यातल्या चुका, जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ यांवरच लिही ना. छापून घेणारे लोक तुला स्वतः शोधत येतील.

ऐरोलीचा फिटर

बाळ, पानांवर रक्कम ठरवू नकोस. बारा पानांसाठी मला साधारण चाळीस तास लागतात, त्यांतले प्रत्यक्ष लिहिण्याचे चौदा. बाकीचे नकाशे वाचण्यात, कारखान्यात जाऊन यंत्र चालताना पाहण्यात आणि ऑपरेटरशी बोलण्यात जातात. ऑपरेटरशी बोलल्याशिवाय लिहू नकोस, कारण पुस्तिकेत "झडप" छापलेले असते आणि तो तिला "वॉल्व्ह"च म्हणतो. आधी त्यांच्याकडून जुनी पुस्तिका मागव, एकदा जाऊन ये, मग तास मोज आणि घरखर्चाला पुरेल अशा दराने गुणून रक्कम सांग. निम्मी आगाऊ घे. दोन वेळा दुरुस्ती त्या रकमेत धर आणि तिसरीपासून पैसे वेगळे पडतील हे पहिल्याच पत्रात लिही, कारण कारखान्यात तीन जण तीन वेगवेगळ्या दुरुस्त्या सुचवतात.

कळवा, नवीन

काका, आभारी आहे. गुरुवारी दुपारी अडीचला त्यांनी यंत्र पाहायला बोलावले आहे. जुनी पुस्तिका आजच मागवते.