कबुतराच्या पायात आकडे असलेली कडी, गावात 'हेर' म्हणून बोभाटा. मदत हवी आहे

शिवार_रावेर: रावेरजवळ केळीच्या बागेत एक कबूतर दमून बसलंय. एका पायात आकड्यांची धातूची कडी, दुसऱ्यात काळी जाड प्लॅस्टिकची. पंखावर शिक्का. 'पाकिस्तानचा हेर' म्हणून फोटो फिरतोय, पोरं कडी कापायला निघालीत. काळ्या कडीत चिप असेल का?

खुराडं_भुसावळ: भाऊ, कापू देऊ नका, पाय मोडेल. हे शर्यतीचं पाळीव कबूतर दिसतंय. धातूची कडी बिनजोडाची असते. पिल्लू आठवड्याभराचं असताना चढवतात, पंजा वाढला की निघत नाही. तिच्यावर देश किंवा संघटनेची अक्षरं, जन्मवर्ष, क्रमांक. काळीत चिप असतेच, पण शर्यतीची वेळ नोंदवायची. बॅटरी नाही, खुराड्याच्या दारातल्या पट्टीवर पाय पडला तरच क्रमांक वाचला जातो. ना आवाज, ना ठिकाण. शिक्का बहुधा मालकाचा फोन. 2020 मध्ये जम्मूतल्या कठुआत पकडलेल्या कबुतराच्या कडीवरचा 'सांकेतिक' आकडाही सीमेपलीकडच्या मालकाने आपला फोन नंबर म्हणून सांगितला. तपास करून सोडून दिलं.

तापीकाठ: मुळात कबूतर फक्त आपल्या खुराड्याकडे उडतं. शत्रूच्या मुलखात त्याला कोणीतरी न्यावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हेच केलं: 16 हजारांवर कबुतरं पेट्यांत घालून पॅराशूटने जर्मनव्याप्त युरोपात टाकली, सोबत प्रश्नावली आणि पातळ कागद. लोकांनी माहिती लिहून पायाच्या नळीत भरायची. परतलं दहातलं एखादं. कॅमेरा लावायचा तर छातीवर पट्टा लागतो; अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा कबुतरावरचा कॅमेराही 35 ग्रॅमचा होता. पट्टा नाही ना? मग विषय मिटला.

शिवार_रावेर: पट्टा नाही. पाणी पीत नाही, भाकरीही खात नाही.

खुराडं_भुसावळ: भाकरी नको, कोरडी दादर (ज्वारी) नाहीतर मका द्या. पाणी वाटीत दोन बोटं खोल हवं. कबूतर चोच बुडवून ओढून पितं, ताटलीत जमत नाही. भोकं पाडलेला खोका, सावली, मांजर लांब. एक-दोन दिवसांत ताजंतवानं झालं की सकाळी मोकळ्यावर सोडा. संध्याकाळी नको.

तापीकाठ: पोलिसांना आधी तुम्हीच 112 वर कळवा. पंचनाम्यात कडीचे आकडे जसेच्या तसे लिहून घ्या, जवळून फोटो जोडा. मुंबईत 2023 मध्ये चेंबूरला पकडलेलं कबूतर आठ महिने अडकलं. निघालं तैवानचं शर्यतीचं. हतनूर धरणावर येणाऱ्या रानपक्ष्याच्या पायात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची, म्हणजे पक्षी अभ्यासणाऱ्या संस्थेची कडी दिसली, तर मात्र वनविभागाला 1926 वर कळवा.